दोष कोणाचा म्हणायचा?



मागच्या गुरुवारी आरतीनंतर सुनांचा विषय निघाला आणि "लग्नाला सहा वर्षं झाली, अजून काही नाही" हे वाक्य कुणीतरी बोललंच. मी गप्प बसले. कारण हेच मी स्वतः माझ्या भाचेसुनेला ऐकवलं होतं, वर सोळा सोमवार करायला लावले होते. (नात्यातल्या बहिणीची सून, दूरगावी असते. दोघांना विचारूनच लिहितेय.) तपासण्याही सगळ्या तिच्याच झाल्या, दोनदा दुर्बिणीतून. भाच्याची साधी वीर्यतपासणी व्हायला पाचवं वर्ष उजाडलं. त्यात शुक्राणू शून्य.

मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली. वाय गुणसूत्राचा एझेडएफसी नावाचा तुकडाच गळालेला.

मी बीएस्सी केलं तेव्हा वाय म्हणजे मुलगा, एवढंच डोक्यात राहिलं. खरं तर शुक्राणू तयार होण्यासाठी वायच्या लांब बाजूचा एक भाग लागतो, हे टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन शास्त्रज्ञांनी १९७६ सालीच मांडलं होतं. आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीतही भारतीय पुरुषांवर यासंबंधी संशोधन झालंय. त्या भागात एकसारख्या मजकुराचे लांब पट्टे असतात. पोथी उतरवताना नजर सारख्याच दिसणाऱ्या पुढच्या ओळीवर घसरली की मधलं राहून जातं ना, तसंच होतं. बहुतेक वेळा ही चूक नव्यानेच घडते, वडिलांचा स्वतःचा वाय पूर्ण असतो. तसे आपण सगळेच आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर बारीक बदल घेऊन जन्माला येतो. मग यात दोष कुणाच्या माथी मारायचा?

पण खरा पेच पुढे आहे. अशा पुरुषांच्या वृषणात शोधलं तर पुष्कळदा थोडे शुक्राणू सापडतात, आणि इक्सी पद्धतीने एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडून मूल होऊ शकतं. मुलगी झाली तर तिच्याकडे वाय जातच नाही. मुलगा झाला तर बापाचाच वाय, गळालेल्या तुकड्यासकट. म्हणजे ज्याला आपण वंशाचा दिवा म्हणतो, नेमकं त्याच्याच वाट्याला हे!

भाच्याने विचारलं, "मावशी, माहीत असून द्यायचं, हे पाप नाही का?"

मला पाप म्हणवत नाही. तो मुलगा एरवी धडधाकट असेल, हसेल, शिकेल. मला भीती लपवण्याची वाटते. त्याला काही सांगितलंच नाही, तर पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा एखादी पोर सोमवार धरून बसेल. म्हणून म्हटलं, मुलगा झाला तर लग्नाआधी त्याला स्पष्ट सांगायचं, एवढं आत्ताच ठरवा. भाचा तयार आहे. बहिणीचं मात्र अजून तेच, "घरातलं घरात राहू दे."

परवा भाचेसुनेला फोन करून सोमवारांबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "उपासांचं काही नाही हो मावशी. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, सुनेची ट्रीटमेंट चालू आहे. तेवढं त्यांना थांबवाल का?"

रविवारी बहिणीकडे जाणार आहे.