टिकाव, माणूस आणि मुकादम



आपल्या मालेगावात रेल्वे नाही. गाडी बघायची तर जऊळक्याला जायचं. त्या गावाचं नावच जऊळका रेल्वे. लहानपणी बापासोबत तिथं उभा होतो. विचारलं, हे रूळ कोनं टाकले? बाप म्हणाला, "सरकारनं." ज्या माणसानं जन्मभर रस्त्याची गिट्टी फोडली त्याच्याही तोंडी सरकारच आलं.

तो प्रश्न डोक्यात राहून गेला होता. बोरघाटाच्या रेल्वेबद्दल वाचताना परत उठला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली. पुढं देशावर चढायचं तर मध्ये सह्याद्री. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला गाडी वर चढली. पंधरा मैलांवर लांबीची चढण, १,८३१ फूट उंची, पंचवीस बोगदे. १८६१ च्या जानेवारीत तिथं ४२,००० माणसं राबत होती. कशानं? पहार, छिन्नी, सुरुंगाची दारू आणि टोपली. बाया मलबा डोक्यावर वाहत. कड्याला पाय ठेवायला जागा नव्हती तिथं माणसं दोराला लटकावून काम केलं.

रूळ, इंजिन, लोखंडी सामान विलायतेहून बोटीनं यायचं. ते मोडलं की परत मागवा, पैसे मोजा, वाट बघा. माणूस मोडला की दुसरा घाटाखालून वर येत होता. १८५९-६० च्या हंगामात पटकीनं माणसं हजारांनी मेली. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका चालवून काम पुरं करून घेतलं. बाई हिमतीची, त्यात शंका नाही. तिचं नाव पुस्तकात आहे. टोपली वाहणाऱ्या एकीचंही नाव मी वाचलं नाही.

आता खरी गोष्ट. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान होतं. बैल मेला तरी होतं. टिकाव हरवला तर मजुरीतून कापतात. पण रोजंदार मेला तर मालकाचं काहीच जात नाही, कारण त्यानं तो विकत घेतलेलाच नसतो. तो स्वतःचा मालक असतो. मग मोकळं असण्याची किंमत हीच का, की आपल्या मरणाचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडू नये? मी गुलामी बरी म्हणत नाही, कोणी तसं वाचू नये. पण कागदावरची मोकळीक आणि पोटाची मोकळीक यात अंतर आहे. त्याच १८५९ साली सरकारनं कायदा केला, की उचल घेऊन काम सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मजूर मोकळा कधी? मरायच्या वेळी. पळायच्या वेळी नाही.

आमच्या डाळमिलमध्ये गेल्या पावसाळ्यात मोटरची बेअरिंग गेली. दुपारपर्यंत अकोल्याहून मिस्त्री हजर. त्याच आठवड्यात एका हमालाची दोन बोटं पट्ट्यात गेली. त्याला पाचशे रुपये दिले आणि सांगितलं, "बरा झाला की ये." हा काही राक्षस मालक नाही. चांगला बोलतो, चहा पाजतो. म्हणूनच गोष्ट जास्त कठीण.

बोरघाटात ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, मग टोळी. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, गोऱ्यांवर धावून गेले. ठेकेदार होता फेव्हिएल. त्यानं मार्चमध्ये ठेका सोडला. साहेबाला माणसांचा आकडा माहीत होता. कोण कोणाचा पोरगा, कोणाची बायको पोटुशी, कोणाच्या घरी दाणा नाही, हे एकट्या मुकादमाला माहीत. त्या ओळखीवरच तो माणसं आणायचा, आणि त्याच ओळखीवर दाबून ठेवायचा. आज ऊसतोडीला, वीटभट्टीला उचल देऊन माणसं नेतात त्यात काय वेगळं आहे, मला सांगा.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथं कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे आपण भिंतीवर लिहितो. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट कमी लिहितो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणूनच कुजतो, पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि तिथं विटाळ आडवा येतो. रूळ उचलायला चालतो, घागर उचलायला चालत नाही. कोणाच्या हातात कोणतं अवजार द्यायचं, हे जात ठरवत होती.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. मागच्या सोमवारी शेठनं मला बोलावलं. "तुह्या वस्तीतले दहा पोरं आन. मुकादमी तुले देतो. तू लिहितो-वाचतो, हजेरी तूच ठेव." पोत्यामागं पैसे मिळतील. घरी बहिणीचं लग्न आहे. आई म्हणते, घे. आपला मुकादम असला तर आपल्या पोरांचं भलं होईल, असं शाखेतले दोघं म्हणाले. होईलही. पण बोरघाटातला मुकादमही कोणाचा तरी आपलाच होता.

मी अजून होय म्हटलं नाही. शेठला एवढंच विचारलं, बोटं गेलेल्या माणसाचं नाव हजेरीच्या वहीत राहील का?

"कामावर आला तं राहील," म्हणाला.

वही माझ्याकडं देऊन ठेवली आहे. शनिवारी उत्तर द्यायचं आहे.