एस.टी.तील फोन आणि सम्यक वाचा



महाडच्या स्थानकावरून पोलादपूरची गाडी सुटते. आपण खिडकीपाशी बसलेले असता. पुढच्या बाकावरील गृहस्थांचा फोन वाजतो आणि ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "हा काय, पोलादपूरच्या नाक्यावर पोचलोच!" गाडीने अजून महाडची वेसही ओलांडलेली नसते. शेजारचे चार जण गालात हसतात. त्या गृहस्थांना मात्र आपण काही गैर केले असे वाटत नाही. पलीकडच्याला दिसत नाही आणि अलीकडचे आपले कोणी लागत नाहीत, असा त्यांचा हिशेब असतो.

आपण पंचशील घेतले आहे. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शील घेताना 'फोनवरचे बोलणे वगळून' असे कोणी म्हटले नव्हते. पण हा या विषयाचा सोपा भाग झाला. त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. अवघड भाग पुढेच आहे. जे खरे आहे ते कोठे, किती आवाजात आणि कोणाच्या देखत बोलावे?

तथागतांनी वाचेचे चार दोष सांगितले: असत्य, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तर खरे आणि हिताचे बोलणेसुद्धा वेळ पाहूनच बोलावे, असा विचार आहे. ही कसोटी एस.टी.च्या गाडीत लावून पाहा. मुलीच्या स्थळाची बोलणी, भावाच्या डोक्यावरचे कर्ज, सुनेचा आजार, हे सारे खरे असते. बोलणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. पण गुपित त्या मुलीचे असते, त्या भावाचे, त्या सुनेचे असते. ते चारचौघांत उघडे करण्याची परवानगी त्यांनी आपल्याला कधी दिली? आणि महाड-पोलादपूर म्हणजे काही मुंबई नव्हे. इथल्या गाडीत मागच्या बाकावर त्याच गावचा एखादा पाहुणा निघतोच निघतो. गाडी पोचण्याआधी बातमी पोचलेली असते.

पुष्कळांना वाटते, ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही. ही ट्रंक कॉलच्या काळची सवय आहे. शिवाय इंजिनाच्या घरघरीत आपला आवाज आपल्यालाच कमी ऐकू येतो, म्हणून माणूस नकळत चढ्या आवाजात बोलू लागतो. फोन मात्र तोंडाजवळच असतो. त्याला हळू बोललेलेही पोचते. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात एकदा रेंज गेली की कितीही ओरडा, आवाज डोंगर ओलांडत नाही. तिथे दोन ओळींचा संदेश लिहून ठेवावा, रेंज आली की पाठवावा.

२०२३ साली एस.टी. महामंडळाने गाडीत मोबाईलवर मोठ्याने गाणी आणि चित्रफिती लावण्यास मनाई केली. त्याच वर्षी मुंबईत बेस्टने बसमध्ये फोनवर मोठ्याने बोलण्यासही बंदी घातली. नियम झाले ते ठीकच. परंतु कंडक्टरने दटावल्यावर जो गप्प बसतो, त्याचे मौन आणि शीलवानाचे मौन एक नव्हे.

आणि येथेच आपल्यापुढे, विशेषतः आपल्यापुढे, एक प्रश्न उभा राहतो. 'हळू बोल' हे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले. ते कोणी ऐकवले आणि कशासाठी, हे आपण जाणतो. मग आज पुन्हा आवाज खालीच करायचा असेल, तर आपण मिळवले ते काय? एका तरुणाने मला हे विचारले, आणि मला ताबडतोब उत्तर सुचले नाही.

त्याच्या प्रश्नामागे वेदना आहे. २०१५ साली शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांवरील गीत वाजले, त्यावरून भांडणाला सुरुवात झाली होती. आणि इतक्या दूर कशाला जायचे? गाडीत फोन येतो, पलीकडून 'जयभीम' म्हटले जाते, तेव्हा आपल्यापैकी कितीजण आजूबाजूला पाहून नुसतेच 'हां, बोल' म्हणतात! त्याला शिष्टाचार म्हणायचे काय?

चवदार तळे सार्वजनिक होते, म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन पाणी प्याले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकालही आपल्या बाजूने लागला. सार्वजनिक जागा सर्वांची सारखी, एवढाच त्या लढ्याचा दावा होता. तळे आपल्या एकट्याचे व्हावे, असे कोणी मागितले नव्हते. गाडीतली शांतताही तशीच सर्वांची आहे. त्याच महाडात, १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने का टाकावेत, हे समजावले. वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट! पण तो उपदेश कोणाची मर्जी राखण्यासाठी नव्हता. राहणीचा संबंध त्यांनी स्वाभिमानाशी जोडला होता.

त्या तरुणाला मी नंतर सांगितले, आवाज कोणासाठी खाली करतोस ते पाहा. शेजारी औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेला कामगार डुलकी घेत आहे म्हणून करीत असशील, तर ती मैत्री आहे. समोरच्याला आपली जात कळेल म्हणून करीत असशील, तर ती भीती आहे. तिला सभ्यतेचे नाव देऊ नकोस. 'जयभीम' नेहमीच्या आवाजात म्हणावे, जसे दुसरा कोणी 'नमस्कार' म्हणतो. कर्जाचे बोलणे त्यानंतर, खालच्या आवाजात. तो म्हणाला, "आणि कोणी अंगावर धावून आला तर?" याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. एकट्या बाईने रात्रीच्या गाडीत सावधपणा पत्करला, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

गाडीत फोन बंदच ठेवावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तळीये गावावर दरड कोसळली, फोन लागेनासे झाले. तेव्हा मुंबईत बसलेल्या आपल्या माणसांनी त्या रात्री कशा काढल्या, ते त्यांनाच विचारा. फोन उचलावा. "गाडीत आहे, महाड सोडले, उतरल्यावर करतो," एवढे पुरते, आणि ते खरेही असते.

राहता राहिली गावाकडची म्हातारी आई. तिला कमी ऐकू येते, फोन उचलला नाही तर तिचा जीव खालीवर होतो. तिच्याशी मोठ्यानेच बोलावे लागणार. अशा वेळी शेजाऱ्याकडे वळून "आईला ऐकू येत नाही हो," एवढे म्हणावे आणि बोलावे. माझा अनुभव असा, की शेजारीच मग सरकून बसतो आणि म्हणतो, "बोला, बोला, सावकाश बोला."