जामीनदार

"अक्का, जामीन झालाय म्हणतात. मग पोरगं बाहेर का येईना?"

आमच्या संकुलात झाडलोट करणाऱ्या बाईने मला हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती विजयपूर जिल्ह्यातली, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारी. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात काचेच्या इमारती उभ्या राहत गेल्या, तशी उत्तर कर्नाटकातून आणि सोलापूर-जतच्या बाजूने अशी पुष्कळ कुटुंबं कामासाठी इथे आली आणि पत्र्याच्या खोल्यांत राहिली. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाइल चोरल्याच्या आरोपावरून परप्पन अग्रहारच्या मध्यवर्ती कारागृहात होता. कोर्टाने जामीन मंजूर केला होता. अडलं होतं ते जामीनदारापाशी. जामीन राहणाऱ्याने जमिनीचा उतारा दाखवायचा असतो. आपल्याकडे सातबारा, तशी कर्नाटकात पहणी. गावच्या पहणीवर दिराचं नाव, आणि दीर पुतण्यासाठी उभा राहायला तयार नाही. जामीन हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच, त्यामुळे शब्द तिला कळत होता. त्या शब्दामागे उभा राहणारा माणूस मिळत नव्हता.

मराठाहळ्ळी, बेळंदूर करत मी तिच्याबरोबर परप्पन अग्रहारला गेले. तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक धुतलेला शर्ट, साबणाची वडी आणि पावसाने भिजून अक्षरं फुटलेली आधार कार्डाची झेरॉक्स होती. फाटकाबाहेरच्या गर्दीत विधी सेवेचं काम करणारी एक मुलगी भेटली. पंचविशीची असेल. तिने त्या बाईला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि वही उघडली. खोलीचं भाडं किती? कोणाच्या नावावर? मुलगा कामाला कुठे जात होता, मुकादमाचा नंबर आहे का? तारखेला त्याला कोर्टात कोण आणेल? वस्तीत त्याला लहानपणापासून ओळखणारं कोण आहे? चोरी केली की नाही, हे तिने एकदाही विचारलं नाही.

दोन दिवसांनी ती महादेवपुऱ्यात आली. खोली पाहिली, रेशनकार्ड पाहिलं, मुकादमाच्या हजेरीवहीत मुलाचं नाव किती दिवस लागलं आहे ते मोजलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी बोलली. या सगळ्याचा दोन पानी अहवाल झाला. कोर्टाने जामीनदाराची अट सैल केली आणि मुलगा जातमुचलक्यावर सुटला. जामीन मंजूर झाल्यापासून अकराव्या दिवशी.

विधी सेवेच्या त्या मुलीने हे केलं ते उपकार म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी असं बजावलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. सचिव मग परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी किंवा विधी स्वयंसेवक यांच्याकडून त्या माणसाच्या परिस्थितीचा अहवाल मागवू शकतात आणि अट शिथिल करा म्हणून कोर्टापुढे ठेवू शकतात. हुकूम दिल्लीत लिहिला जातो. त्यासाठी पत्र्याच्या खोलीचं दार वाजवायला मात्र कोणीतरी जावं लागतं. हे जाणं हाच एक पेशा आहे, आणि त्याबद्दल आपल्या घरांत कधी बोललं जात नाही.

माझ्या घरात तो विषय यंदा निघाला. पुण्याची माझी भाची पदवीनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणते. ताईचा रात्री फोन आला. "मावशी म्हणून तूच समजव तिला. चांगली हुशार पोर, चोर-दरोडेखोरांच्यात आयुष्य काढायचं म्हणते." ताईची काळजी मी हलक्यात घेत नाही. हे काम म्हणजे एक तर संतांचं, नाहीतर दुसरीकडे जागा न मिळालेल्यांचं, असं आपण धरून चाललो आहोत. भाचीसाठी म्हणून मी वाचायला बसले आणि वाचता वाचता बंगळूरहून थेट आटपाडीला पोहोचले.

१९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानाचा विजेच्या साहित्याचा सरकारी कारखाना बंगळूरमध्ये चालायचा. त्याचे प्रमुख होते मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनिअर. गांधींच्या विचारांनी भारलेल्या या माणसाची ओळख औंधच्या युवराजांशी, अप्पासाहेब पंतांशी झाली आणि ते कारखाना सोडून औंधला आले. ७२ गावांचं ते छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. १९३९ मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली, तिच्या घडणीत गांधींच्या जोडीने फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे फ्रीडमन ते हेच.

त्याच १९३९ साली औंध संस्थानातल्याच आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत सुरू झाली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. भिंत नाही. कैद्याने शेती करायची, आणि त्याची बायकामुलं त्याच्याबरोबर राहायची. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. तुरुंग माणसाला घरापासून तोडतो आणि सुटल्यावर त्याने घर सांभाळावं अशी अपेक्षा धरतो. स्वतंत्रपूरने घर मोडूच दिलं नाही. खुनाची शिक्षा झालेला माणूस सकाळी मोट धरायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या चुलीपाशी जेवायचा.

आटपाडीच्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानात शेती करणारा जेलर आदिनाथ. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. आमच्या पिढीने तो शाळेच्या पडद्यावर पाहिला, आम्ही रडलो. तरी आज मला वाटतं की त्या चित्रपटाने या पेशाचं एक नुकसानही केलं. आदिनाथ शेवटी मरतो. कैद्यांवर विश्वास टाकायचा तर जीव द्यायची तयारी हवी, असं आपल्या मनात बसलं ते तिथून. खऱ्या स्वतंत्रपुरात कोणी आदिनाथ नाही. तिथे पगारी नोकर आहेत. बियाणं कधी येणार, कोणाच्या मुलाला शाळेत घालायचं, कोणाची रजा कधी संपते, हे ते नोंदवहीत लिहितात. ८० वर्षांहून अधिक काळ ती वसाहत अशी रोजच्या कारकुनीवर उभी आहे. बलिदानावर संस्था इतकी वर्षं चालत नाही.

ताईला मी हेच सांगितलं. हे काम करायला संत व्हावं लागत नाही, शिकावं लागतं. शीला बर्से या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली असं त्यांतल्या पाच जणींचं म्हणणं होतं. न्यायालयाने खरंखोटं पाहायला कोणाला पाठवलं? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना. त्यांनी तुरुंगात जाऊन स्त्रियांशी एकांतात बोलून अहवाल दिला. फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, चौकशीच्या वेळी महिला पोलीस, अटक झाल्याबरोबर विधी साहाय्य समितीला कळवणं, हे सगळं आलं. बोलतं करणं आणि ऐकलेलं नेमकं लिहिणं, ही समाजकार्यकर्तीची रोजची विद्या. तिच्या जोरावर देशाचा कायदा पुढे सरकला.

ही विद्या जाणणारी माणसं आज किती आहेत? ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, १०० जणांच्या जागेत १३१. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही. चारांतले तीन. आणि या पावणेसहा लाखांसाठी मानसतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून २५, असं २०२५ चा इंडिया जस्टिस रिपोर्ट सांगतो. २०१६ च्या नमुना कारागृह नियमावलीत ५०० कैद्यांमागे एक अशी अपेक्षा आहे. पडतो तेवीस हजारांमागे एक.

तुरुंगातलं काम म्हटलं की डोळ्यांपुढे वर्दी येते. वर्दीचं कामही मोलाचं आहे. येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयातून तयार होऊन निघालेला तुरुंगाधिकारी बराकीतल्या माणसाचं जिणं जितकं बदलू शकतो, तितकं बाहेरचा कोणी व्याख्याता बदलू शकत नाही. पण फाटकाच्या अलीकडे-पलीकडे इतरही बरीच माणसं लागतात. बराकीत अक्षरओळख करून देणारा शिक्षक लागतो. कच्च्या कैद्याला त्याच्या केसमध्ये काय चाललं आहे हे त्याच्या भाषेत सांगणारा वकील लागतो. कित्येकांना पुढची तारीखसुद्धा माहीत नसते. म्हैसूरच्या रंगायणाचे हुलुगप्पा कट्टीमनी यांनी कर्नाटकातल्या कैद्यांकडून नाटकं बसवून घेतली, तसा नाटकवालाही लागतो. टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रात पोलीस ठाणं, तुरुंग आणि सुटकेनंतरचं जगणं या तिन्ही ठिकाणी काम करतो आहे. सुटलेल्या बाईला पहिली रात्र कुठे काढायची हे विचारणारं कोणी असावं लागतं. संध्याकाळी हातात गाठोडं घेऊन बाहेर पडलेल्या, फोनमधले नंबर विसरलेल्या बाईला फाटकावर कोण भेटतं, त्यावर तिची पुढची दहा वर्षं ठरू शकतात.

आणि परिवीक्षा अधिकारी. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा अजून आहे. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार करायचा, असं त्यातलं सहावं कलम सांगतं. जन्मठेप होऊ शकते अशा मोठ्या गुन्ह्यांना ते लागू नाही. मुलाला तुरुंग दाखवण्याआधी त्याचं घर पाहून या, असा याचा अर्थ. इतका शहाणा कायदा आपल्याकडे ६५ वर्षांहून अधिक काळ आहे आणि सुशिक्षित घरांतही त्याचं नाव ठाऊक नाही.

या कामातल्या अडचणी मी भाचीपासून लपवल्या नाहीत. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत आणि पगार तिच्या वर्गमैत्रिणींच्या निम्म्यानेही नसेल. माणसं फसवतील. ज्याच्यासाठी महिनाभर धावपळ केली तो पुन्हा आत गेलेला दिसेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं कुटुंब विचारेल की आमच्याकडे कोण आलं होतं, आणि तो प्रश्न रास्त असेल. त्यांच्याकडेही जायला माणसं हवीत आणि तीही पुरेशी नाहीत. भाची म्हणाली, "मावशी, डॉक्टरकडे पेशंट परत आला म्हणून कोणी त्याला दवाखाना बंद कर म्हणतं का?" मला तिचं म्हणणं पटलं. शेवटी ताईने स्वतः बसून तिचा अर्ज भरून दिला.

झाडलोट करणाऱ्या बाईचा तो मुलगा मात्र अजून घरी बसून आहे. खटला उभा राहायचा आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. त्याला सामानाची ने-आण करायचं काम हवं होतं. दोन ठिकाणी घेतो म्हणाले आणि पोलीस पडताळणीपाशी थांबले. आमच्या संकुलाचाही तोच नियम आहे. सुरक्षारक्षक, माळी, झाडलोट करणारे, घरकामाच्या बाया, प्रत्येकाची पडताळणी, आणि कागदावर केस दिसली की नाव बाद. हा नियम झाला त्या सभेला मी हजर होते आणि हात वर केला होता. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. तिकडे विधी सेवेच्या त्या मुलीने दोन पानं लिहून ज्याला बाहेर काढलं, त्याला इकडे आम्ही एका रकान्याने अडवून धरलं आहे.

केस चालू असणं आणि शिक्षा झालेली असणं हे रकाने वेगळे करा, आणि केस चालू असलेल्याला नुसत्या त्या कारणावरून नाकारू नका, एवढा ठराव मी दिवाळीनंतरच्या सभेत मांडणार आहे. विरोध होईल. त्या मुलासाठी जबाबदार म्हणून कोणाचं नाव लिहायचं असं विचारलं, तर माझं लिहा म्हणून सांगेन. तुमच्याही सोसायटीत असा नियम असेल. एकदा काढून वाचा.