भावाच्या आधीचा प्रश्न

भूसंपादनात शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाची उमर भाव भांडण्यात जाते. माझीही बरीचशी तशीच गेली. १८९४ च्या कायद्याची घडणच तशी होती. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ११ चा निवाडा. तो पटला नाही तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालय. जमीन गेली हे सगळ्यांनी धरूनच चालायचे, वाद उरायचा तो आकड्याचा.

त्या आकड्याचा पुरावा जमवणे हे वेगळेच काम. शेजारच्या गटांची खरेदीखते काढावीत, तर मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी त्यांत किंमत कमी दाखवलेली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसली की ओलिताखालचे रान जिरायत धरले जाई. संयुक्त मोजणीत आंब्याची झाडे मोजली जात. पण झाड किती वर्षांचे, फळ किती देते, हे कोर्टात शाबीत करताना दमछाक होई. आणि चेक घेताना ‘हरकत राखून’ असे लिहून दिले नाही, तर कलम ३१ प्रमाणे कलम १८ चा अर्जच करता येत नसे. घाईघाईत सही केलेल्या माणसाला हे समजावून सांगणे मला कायम जड गेले. १९८४ च्या दुरुस्तीने थोडी भरपाई केली: बाजारभावावर जादा मिळणारी दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली, आणि अर्ज न केलेल्यालाही शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलेला दर मागता येऊ लागला.

पण पक्षकार वकिलासमोर बसल्यावर आधी दर विचारत नाही. तो विचारतो, ‘रस्ता आमच्याच रानातून का? पलीकडून का नाही?’ या प्रश्नाला कोर्टात जागा कुठे आहे, हे शोधता शोधता माझा विचार भावापासून सुनावणीकडे सरकला.

प्रश्न नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसलेले मुळशीचे मावळे दर वाढवून मागत नव्हते. जमीनच द्यायची नाही म्हणत होते. १९२३ मध्ये कायद्यात कलम ५अ आले आणि मालकाला तीस दिवसांत हरकत घेऊन म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. माझ्या मते त्या जुन्या कायद्यातले सर्वांत मोलाचे कलम हेच. मात्र कलम १७ मधली तातडी दाखवून सरकार ते बाजूला ठेवू शके, आणि ठेवतही असे. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या राधेश्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी तातडी तपासली आणि संपादन रद्द केले.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, कलम ३००अ उरले. कायद्याच्या आधाराविना कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढेच ते म्हणते. पण त्या एका वाक्यात बरेच काही मावते. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सात हक्क उलगडून दाखवले: आधी सूचना, मग हरकतीची सुनावणी, मग सकारण निर्णय, मग सार्वजनिक प्रयोजन. मोबदला पाचवा. आम्ही ज्याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, त्याच्या आधी चार पायऱ्या आहेत.

२०१३ च्या कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्के केली, खासगी कंपनीसाठी ८० टक्के कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट काढली, हे मला आजही खटकते. गावाचे म्हणणे ऐकायची जागा त्याने आक्रसली. हरकतीची मुदत आता साठ दिवसांची आहे. तरी हरकत ऐकतो जिल्हाधिकारी, आणि शेवटचा निर्णय देते जमीन हवी असलेले सरकारच. ही सुनावणी स्वतंत्र अधिकाऱ्यापुढे व्हायला हवी, आणि हरकत फेटाळताना पर्यायी आखणी का चालली नाही हे त्याने लेखी दिले पाहिजे. भाव त्यानंतर ठरवू.