नैवेद्याचे ताट

गेल्या वर्षी श्रावणात एका गावी सप्ताहाची सांगता होती व काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. हंडी फुटली, काला वाटणे सुरू झाले. पुढेच सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. आम्ही मोठ्या प्रेमाने तिच्या ओंजळीत काला घातला. तोच तिच्या आईने तो आपल्या हाती घेतला, मुलीच्या कपाळाला लावला आणि स्वतःच खाल्ला. आम्हांस ते रुचले नाही. अंगात कीर्तनाचा आवेश, समोर सारा गाव. अशा वेळी जीभ सैल सुटते. बोलून गेलो, "माउली, प्रसाद असा अडवू नये. काल्यात देवानेसुद्धा गोपाळांचे उष्टे खाल्ले." लोकांनी माना डोलावल्या. ती बाई खाली बघत राहिली.

संध्याकाळी मुलीचे आजोबा, जुने माळकरी, भेटीस आले. म्हणाले, "महाराज, नातीला रक्ताचा कर्करोग आहे. मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत. कच्चे, उघड्यावरचे, दहा हातांचे काही द्यायचे नाही असे डॉक्टरांनी बजावलेय. सून चुकली नाही." यावर आम्ही काय बोलणार? व्याकरण, न्याय, वेदान्त पढलो, पण समोरचे लेकरू का थांबले हे विचारण्याचे सुचले नाही. सकाळी उठून त्यांच्या घरी गेलो व त्या सूनबाईंची क्षमा मागितली. ती माउली म्हणाली, "असू द्या महाराज, आता जेवूनच जा." म्हणून तिचा स्वयंपाक पाहण्याचा योग आला. जे शिकलो ते तिथे शिकलो.

आधी रोगाचे सांगतो. या औषधांचे काम झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारण्याचे. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाची व आतड्याची आतली त्वचा, हाडांतला रक्त तयार करणारा मगज, हेही तसेच. म्हणून केस जातात, तोंड सोलते, मळमळते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या उतरल्या की आपल्याला पचणारा जंतू लेकराला तापाने लोळवतो. लहान मुलांतल्या या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-तीन वर्षे चालतात. पोटात अन्न नसेल तर औषध सोसत नाही. कितीतरी मुले या उपचाराने बरी होतात, हेही ध्यानात ठेवा.

आता स्वयंपाकघर. सूनबाईंनी साबणाने हात धुतले, भांडी उकळत्या पाण्याने विसळली. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी शिजवली, वर तूप. चुलीवरून उतरताच पहिली वाटी मुलीची काढून झाकली. मग बाकीच्यांची पाने वाढली. कोणी आधी चाखले नाही. उरलेले तिला संध्याकाळी देत नाहीत. पाणी उकळून, दूध उकळून. कोशिंबीर नाही, कच्चे मोड नाहीत, बाहेरचा उसाचा रस नाही. आम्ही बघतच राहिलो. अहो, हे तर नैवेद्याचेच सोवळे! ताजे, झाकलेले, कोणी न चाखलेले, स्वच्छ हातांचे. आयुष्यभर सोवळे म्हणून जे पाळले, त्यातला अर्थ त्या चुलीपाशी उमगला.

एक मात्र सांगतो. काही घरांत लेकराचे ताट वेगळे ठेवतात ते "आपल्याला रोग लागेल" म्हणून, आणि त्याला कोपऱ्यात बसवतात. हा रोग लागत नसतो. ताट वेगळे ते आपला जंतू तिला लागू नये म्हणून. या घरी पंगत एकच होती. सर्वांना तीच खिचडी. आजोबांनी आपला ठेचा बाजूला घेतला, पण नातीच्या मांडीला मांडी लावून बसले.

मुलीने चार घास खाल्ले व वाटी सारली. आम्हांस नामदेवरायांची आठवण झाली. गोणाईने हाती नैवेद्य दिला, देव जेवेना, तेव्हा त्या बाळाने हट्ट धरला, डोके फोडायला निघाला, देव जेवला. आम्ही म्हटले, थोडा आग्रह करा. सूनबाई म्हणाल्या, "नको. बळेच भरवले की ओकते, मग तो पदार्थ पुन्हा तोंडाला लावत नाही. औषधाच्या दिवशी तिच्या आवडीचे मी मुद्दाम करत नाही, त्याचा तिटकारा बसतो." मग सांगत गेल्या. तोंड सोलले की तिखट, आंबट, कढत बंद; नाचणीचे सत्त्व, गार केलेली खीर, मऊ भात. स्टीलच्या चमच्याने धातूची चव येते म्हणते, म्हणून लाकडी चमचा. फोडणीच्या वासाने उमळते, तेव्हा फोडणी ती झोपल्यावर. दोन तासांनी पुन्हा एक लहान वाटी. दुधात दुधाची भुकटी, खिचडीत तूप, म्हणजे चार घासांत आठ घासांचे बळ. स्टेरॉइडच्या दिवसांत उलटे, रात्री दोनला उठून भाकरी मागते. तेव्हा माउली दोनला तवा ठेवते. देवाला नैवेद्य दाखवून आपण पडदा ओढतो, हात धरून भरवत नाही. वाटी ठेवायची, बाजूला व्हायचे, पण पुन्हा ठेवायची.

आजीचा प्रश्न एकादशीचा होता. मुलगी घरच्यांचे बघून उपास मागे. धर्मशास्त्रात आठ वर्षांखालच्या बालकाला एकादशीचे बंधन नाही, आणि औषधाने व्रत मोडत नाही असेही स्पष्ट आहे. तैत्तिरीयात तर अन्नालाच सर्वांचे औषध म्हटले आहे. मग तिची खिचडी हे तिचे औषध. आजोबांचा प्रश्न अवघड होता. डॉक्टरांनी नीट उकडलेले अंडे सुचवले होते व घरात माळ. आम्ही सांगितले, माळ तुमच्या गळ्यात आहे, लेकराच्या नाही. डॉक्टरांना विचारा, डाळ, दूध, पनीर, शेंगदाण्याचे कूट यांवर भागत असेल तर उत्तम, नसेल तर अंड्याचे भांडे वेगळे ठेवा आणि वाद घालू नका. काही जाणते वारकरी या उत्तरावर आमच्यावर रागावले आहेत. रागावोत.

यंदा त्याच गावी काला झाला. ती मुलगी आली होती. डोक्यावर बोटभर केस, उपचार अजून चालूच आहेत. आम्ही व्यासपीठाखाली उतरून सर्वांदेखत साबणाने हात धुतले. मागच्या वर्षीचे आमचे बोलणे चुकीचे होते हे सर्वांसमोर सांगितले. तिच्या आजोबांनी धुतलेले केळे आणले होते. ते देवाच्या पायांशी ठेवून तिच्या हाती दिले. साल तिने स्वतःच काढली. अर्धे खाल्ले, अर्धे आईपुढे धरले.