ही गोळी कवा बंद करायची?

भूम तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला थोरल्या बहिणीने, आक्काने, आपली किडनी दिली. ऑपरेशन पुण्यात झालं आणि वर्षभरात गडी पुन्हा रानात उभा राहिला. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं टॅक्रोलिमस तो घड्याळ लावून घेई.

एका पावसाळ्यात कडब्याची गंज भिजली. बुरशी लागलेल्या पेंढ्या झाडताना उडालेली धूळ त्याच्या छातीत गेली. धडधाकट माणसाचं शरीर अशी बुरशी सहसा परतवतं, पण त्याच्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाची बुरशी रुजली. व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळ्यांनी त्याला वाचवलं. २००२पासून वापरात असलेल्या या औषधाने अनेकांना मरणाच्या दारातून परत आणलं आहे, त्याची कदर केलीच पाहिजे. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांनी या, मग पुढचं ठरवू.

तीन महिन्यांनी पेरणीची घाई होती. खोकला थांबला होता, म्हणून तो डॉक्टरांकडे गेलाच नाही. किडनीच्या तपासणीत “बाकीच्या गोळ्या?” असं विचारलं की म्हणायचा, “चालू हायेत.” ती गोळी छातीचे डॉक्टर बघत असतील असं तिथे गृहीत धरलं गेलं. गावातला मेडिकलवाला जुनीच चिठ्ठी बघून पाकीट देत राहिला. गोळी महाग होती. तिच्यापायी गोठ्यातल्या उस्मानाबादी शेळ्या एकेक करून बाजारात गेल्या. ज्या गोळीने जीव वाचवला ती सोडायची कशी, ही त्याची श्रद्धा. अशी तीन वर्षं गेली.

उन्हात तासभर थांबलं की तोंड लाल व्हायचं, ओठ सोलायचे. पारावर कुणी म्हणालं, “ऊन लई हाय यंदा.” कुणी म्हणालं, “आपल्या सावळ्या कातडीला काय होतंय?” सावळ्या कातडीला उन्हापासून संरक्षण असतं, त्वचेचा कर्करोगही कमी होतो, हे खरं आहे. पण ही गोळी कातडीला उन्हाबाबत हळवी करते. यकृतात तिच्यापासून तयार होणारा एक पदार्थ उन्हातले अतिनील किरण शोषतो आणि त्यातून पेशींना इजा होते, असं संशोधक मानतात. बिघडलेल्या पेशी वेळीच संपवणारी प्रतिकारशक्ती अशा रुग्णात आधीच दाबलेली असते. म्हणून सहा महिन्यांपलीकडे ही गोळी द्यायची तर फायदा आणि धोका पुन्हा तोलून बघावा, अशी सूचना युरोपात औषधाच्या माहितीपत्रकातच आहे.

पंचमीला आक्का माहेरी आली. भावाच्या कानाच्या कडेवर खरखरीत खपली होती.

“कवापासनं हाय ही?”

“दिवाळीपासनं. पडती अन् पुन्हा धरती.”

आक्काने औषधांची पिशवी घोंगडीवर रिकामी केली आणि एकेक पाकीट पुढं धरलं. “ही कशाची? कुणी दिली? कवा बंद करायची?” टॅक्रोलिमसचं उत्तर त्याला पाठ होतं. व्होरिकोनॅझोलपाशी तो अडला.

“मग आजपासनं बंदच करतो की, आक्का.”

“आपल्या मनानं न्हाई. उद्या पुण्याला जाऊ, त्यास्नी इचारू.”

खपलीचा तुकडा तपासला, तेव्हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग निघाला. सुदैवाने तो लवकर सापडला होता. कानाची थोडी कड कापावी लागली, जवळच्या लसीका गाठींमध्ये काही नव्हतं. फुप्फुस स्वच्छ होतं, तेव्हा व्होरिकोनॅझोलही थांबवलं. पण त्या गोळीमुळे रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, म्हणून सुरुवातीलाच त्याचा डोस एक तृतीयांशावर आणलेला होता. आता रक्त तपासत तो पुन्हा वाढवला. घरच्या घरी गोळी सोडली असती, तर टॅक्रोलिमस खाली घसरून आक्काने दिलेली किडनीच धोक्यात आली असती. खपली शोधण्याइतकंच आक्काचं ते “आपल्या मनानं न्हाई” मोलाचं होतं.

तो आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, दुपारचं ऊन टाळतो आणि ठरलेल्या तारखेला कातडी दाखवून येतो. तुमच्या घरात कुणाचा अवयव बदलला असेल, तर आज त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडा. कुठली गोळी किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली खपली दाखवायला पुढच्या सणाची वाट बघू नका.