करंगळीचा कैवार

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची करंगळी दुखू लागली. प्रथम मी ते दुखणे हवेच्या माथी मारले, नंतर वयाच्या. परंतु सुटीत चार दिवस परगावी गेलो असता ते आपोआप थांबले आणि परत येऊन लेखनास बसताच पुन्हा सुरू झाले, तेव्हा खरा अपराधी कोण हे उघड झाले. गेली बारा-तेरा वर्षे मी हाताने लिहिणे सोडून संगणकाच्या कळफलकावर लिहीत आहे. डॉक्टरांनी बोट चाचपून पाहिले, रोज किती वेळ लिहिता असे विचारले आणि थोडी विश्रांती घेण्यास सांगितले. एक पुस्तक अर्धे लिहून झालेले, प्रकाशकास दिलेली मुदत संपत आलेली. अशा वेळी हा उपदेश ऐकावयास सोपा, आचरावयास कठीण. माझी कन्या अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. ती म्हणाली, "बाबा, बोटाला कशाला विश्रांती देता? अक्षरांनाच जागा बदलायला सांगा ना."

असे काही करता येते याची मला कल्पना नव्हती. जुन्या टंकलेखनयंत्रात कळेला पोलादी दांडा आणि दांड्याच्या टोकाला अक्षराचा ठसा असे. तेथे अक्षराची जागा बदलणे म्हणजे यंत्र खोलणे होय. संगणकात तसे नाही. कळ दाबली की यंत्रास केवळ एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाचे कोणते अक्षर करावयाचे हे आत ठेवलेल्या एका कोष्टकावर अवलंबून असते, आणि ते कोष्टक कोणालाही नव्याने लिहिता येते. जी गोष्ट मी आजवर निसर्गनियमासारखी मुकाट्याने मानीत आलो ती केवळ वहिवाट होती, हे कळल्यावर माझ्या मनात प्रथम आनंद आणि लगोलग थोडी भीती उत्पन्न झाली.

मी जी मांडणी वापरतो तिला 'इन्स्क्रिप्ट' म्हणतात. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण म्हणून ठरविली. पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही तिला स्थान मिळाले. तिची रचना करणारांच्या बुद्धीचे मला कौतुक वाटते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे. 'क' जेथे आहे तेथेच शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'च्या जागी 'घ'. शिवाय आपल्या देशातील बहुतेक लिपींची वर्णमाला एकाच कुळातील असल्यामुळे हीच मांडणी बंगालीस, कानडीस, तामिळीसही चालते. बेळगावातील एखादी कानडी मुलगी 'क' लिहिण्यासाठी जे बोट उचलते तेच मीही उचलतो, ही कल्पना मला फार आवडते.

तथापि सर्वांसाठी केलेली गोष्ट कोणा एकासाठी केलेली नसते. कन्येच्या सूचनेवरून मी माझ्या बोटांवर पाळत ठेवली, तेव्हा करंगळीची हकिकत कळली. च, ज, ट, ड आणि य ही पाचही अक्षरे एकट्या उजव्या करंगळीच्या वाट्याला आली आहेत. आता मराठीत चा-ची-चे या प्रत्ययांवाचून एक वाक्य धड पुरे होत नाही. 'त्याच्या' हा साधा शब्द घ्या. त्यात करंगळी तीनदा खाली येते. 'ज्याच्या' लिहिताना चार वेळा! पाचांत सर्वांत दुबळे जे बोट त्याच्यावर षष्ठी विभक्तीचा सगळा संसार टाकलेला आहे. 'आणि' या शब्दाची तर निराळीच तऱ्हा. त्यातील 'आ' वरच्या ओळीत, 'ण' खालच्या ओळीत, दोन्ही अक्षरे डाव्या हाताच्या मधल्याच बोटाने काढावयाची आणि दोन्ही वेळा उजव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरावयाची. त्या बोटाला माकडासारखी उडी मारावी लागते. ज्याला मराठीतील सर्वांत निरुपद्रवी शब्द म्हणावे त्याच्यासाठी एवढी कसरत!

अशी तक्रार करणारा मी पहिला नव्हे. इंग्रजी कळफलकाची आजची मांडणी अमेरिकेतील मिलवॉकी येथील क्रिस्तोफर शोल्स याच्या यंत्रावरून आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. ठशांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून अक्षरे अशी विखुरली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे; तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते येथे सोडविण्याचे कारण नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक यांनी इंग्रजीत कोणती अक्षरे अधिक येतात याचा हिशेब करून १९३६ साली एका नव्या मांडणीचे पेटंट घेतले. तीत बहुतेक काम मधल्या ओळीवरच उरकते. एकच हात असलेल्या माणसांसाठीही त्यांनी डाव्या-उजव्या हाताच्या वेगळ्या मांडण्या केल्या, ही गोष्ट मला त्यांच्या वेगाच्या गणितापेक्षा अधिक मोलाची वाटते. वेगाचे गणित वादग्रस्तच राहिले. १९४४ साली अमेरिकन नौदलात झालेली चाचणी त्यांच्या बाजूने गेली, १९५६ साली सरकारी खात्याने घेतलेली विरुद्ध गेली. पुढे १९८५ साली पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने जुनी मांडणी केवळ आधी आली म्हणून टिकली असा सिद्धान्त मांडला, तर १९९० साली लिबोविट्झ आणि मार्गोलिस या दोघांनी ही सारी दंतकथाच आहे असे म्हणून त्यास उत्तर दिले. अर्थशास्त्रज्ञांना भांडावयास कळफलकही पुरतो.

परंतु ड्वोराकसाहेबांनी मोजली ती सर्वसाधारण इंग्रजी लेखकाची अक्षरे. आणि असा लेखक कोठल्याही घरी राहत नाही. अलीकडचे हौशी लोक एक पाऊल पुढे गेले आहेत. ते स्वतःचेच लिखाण जमवितात, त्यातील अक्षरे आणि अक्षरांच्या जोड्या मोजतात आणि केवळ स्वतःच्या सवयीस बसेल अशी मांडणी बेततात. शिंप्याने अंगाचे माप घेऊन अंगरखा बेतावा तसेच हे. माझ्या कन्येनेही माझे गेल्या दहा वर्षांतील लेख यंत्रापुढे ठेवले आणि एका रात्रीत माझे माप घेऊन मोकळी झाली.

स्वतःच्या लेखनाची अशी मोजदाद हाती येणे हा एक विलक्षण अनुभव आहे. आरशात तोंड दिसते, पण ते आपण तयारीने पाहतो. येथे पाठमोरा मनुष्य दिसतो. 'परंतु' हा माझा लाडका शब्द असावा असा मला संशय होताच. तो खरा ठरला. खरे आश्चर्य पुढे होते. यादीत 'व' या एकाक्षरी अव्ययाने 'आणि'ला पुष्कळ मागे टाकले होते. मला हे पटेना. विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'राम व श्याम आले व बसले व बोलू लागले' अशी वाक्ये दिसली की लाल शाईने ते 'व' खोडण्यात मी माझी निम्मी नोकरी घालविली आहे. मी माळ्यावरून माझ्या हस्तलिखित वह्या काढल्या आणि पेन्सिल घेऊन मोजावयास बसलो. त्यांत 'आणि' सर्वत्र नांदत होता. 'व' क्वचित, पाहुण्यासारखा.

उलगडा होण्यास वेळ लागला नाही. 'व'ला एकच कळ लागते. 'आणि'ला वर सांगितलेली कसरत. माझ्या बोटांनी मला न विचारता परस्पर तडजोड करून टाकली होती, आणि मी मात्र बारा वर्षे अशा समजुतीत होतो की मी जे लिहितो ते माझ्या मनात येते म्हणून लिहितो.

येथे माझ्यासारख्या तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसास प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. यंत्र माणसाच्या सवयीप्रमाणे असावे हे म्हणणे ऐकताच पटते, कारण सवय माणसाची आणि यंत्र परके असे आपण गृहीत धरतो. पण माझी ही सवय कोणाची? ती यंत्रानेच लावलेली. कन्येच्या गणिताने 'व'ला अगदी बोटाखाली, मधल्या ओळीत आणण्याची शिफारस केली होती. ती मी मानली असती तर एका जुन्या यंत्राने केलेली खोडी नव्या यंत्रात कायमची मुरली असती, तीही 'व्यक्तिस्वातंत्र्य' या गोंडस नावाखाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो. येथे तर खोडीसाठी वेगळे सिंहासन घडविण्याचा बेत होता.

अधिक विचार केला तर हा संशय फार लांब जातो. मी जन्मतः डावखुरा. शाळेत गुरुजींनी माझा डावा हात बाकाला बांधून मला उजव्या हाताने लिहावयास लावले. आज माझे अक्षर, माझी सही, हे सारे 'माझे' म्हणून मी मिरवितो. ते मूळचे त्या सुतळीचे आहे. विल्यम जेम्सने १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर एक प्रसिद्ध प्रकरण लिहिले आहे. समाजाची घडी सवयीमुळे कशी टिकते हे त्यात चांगले दाखविले आहे. पण लागलेली सवय आणि लावलेली सवय यांतील भेद कोणी ओळखावा, हा माझा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून सगळ्याच सवयी परक्या ठरवून झुगारून द्याव्यात असे मी म्हणत नाही. तसे केल्यास मला सहीही करता येणार नाही. माझ्या आईची एक विळी होती. चाळीस वर्षे चिरून-चिरून तिचे पाते एका बाजूस झिजले होते. आईच्या हाती ती लोण्यासारखी चाले, आमच्यापैकी कोणी बसले की बोट कापून घेई. त्या विळीत आई होती असे मला अजून वाटते. फरक इतकाच की आईने विळी आधी बेतली नव्हती. ती दोघींच्या सहवासात तशी होत गेली.

या विचारांत असताना मी एकदा आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत गेलो आणि तेथील ज्येष्ठ लिपिकांपाशी ही गोष्ट काढली. त्यांचे टंकलेखन जुन्या यंत्रावर झालेले. त्या यंत्रात पुष्कळ अक्षरे अर्धी उमटवून पुढे काना जोडला की पूर्ण होत, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी मारावी लागे. पुढे वरून हुकूम आला की सर्वांनी इन्स्क्रिप्टवरच काम करावे. तीत वेलांटी अक्षरानंतर मारावयाची. वयाच्या पन्नाशीस आलेल्या या गृहस्थांनी सहा महिने घरी जाऊन रोज रात्री तास-तासभर बोटे वळविली. त्यांच्या सवयीचे माप घ्यावयास कोणी आले नाही. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, कल्पना झकास आहे. पण उद्या मी रजेवर गेलो तर माझ्या खुर्चीवर दुसऱ्याला बसता आलं पाहिजे ना?"

यास माझ्यापाशी उत्तर होते. माझा निबंध लिहावयास माझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही, हे ते उत्तर. पण मी ते दिले नाही. ते खरे असले तरी, मला स्वतःच्या मापाचे यंत्र बेतता येते यात माझ्या बुद्धीपेक्षा माझ्या फुरसतीचा भाग अधिक आहे, हे त्या क्षणी मला लख्ख दिसले.

शेवटी मी फार थोडे बदलले. करंगळीचे दुखणे मात्र खरे होते. ते कोणत्या सवयीतून आले याची चिकित्सा करीत बसण्याने ते थांबणार नव्हते. 'च' आणि 'प' यांची अदलाबदल करून 'च' तर्जनीकडे दिला. रोमन झेडच्या कळेवर ऱ्हस्व एकाराचे एक चिन्ह असते, ज्याचे मराठीत काम नाही. तेथे 'ण' आणून बसविला. 'ळ'ही आमच्या भाषेत काही कमी राबत नाही, आणि त्याला शिफ्टखाली दडविले आहे याचा मला राग आहे. पण तो कानडीच्या सोबतीने तेथे बसला आहे, म्हणून बसू दिला. 'व'ची जागा बदलली नाही. पुस्तकाच्या पहिल्या आठ प्रकरणांतील 'व' एकेक करून तपासले आणि पुष्कळ खोडले. प्रकाशकांनी आणखी दोन महिने दिले आहेत.

कन्या यावर नाराज आहे. एवढे माप घेऊन अंगरख्याच्या फक्त दोन गुंड्या हलविल्या, असे तिचे म्हणणे.

बोट आता बरे आहे. परवा कचेरीतील संगणकावर घाईघाईने रजेचा अर्ज लिहून छापून दिला आणि वर्गावर गेलो. तास संपवून येतो तो लिपिकसाहेब हातात कागद घेऊन दारात उभे. अर्जाच्या माथ्यावर माझ्या बोटांनी छापले होते, 'माननीय च्रापार्य यांस'. त्यांनी पेन्सिलीने दोन्ही अक्षरांभोवती वर्तुळे काढून ठेवली होती. म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, मी टाइप करतो." मी सांगत गेलो आणि ते न पाहता लिहीत गेले. मधूनच थांबून त्यांनी विचारले, "येथे 'व' घालू की 'आणि'?"